चांगुलपणाचं सोंग



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या मंडळात दहा धर्म दहा जणींना वाटून देतात. यंदा माझ्या वाट्याला तिसरा दिवस आला आहे, उत्तम आर्जव. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, ओठांवर दुसरं आणि हातून तिसरंच, असं न वागणं. चार कषायांपैकी माया, म्हणजे कपट, तिच्या विरुद्ध उभा असलेला हा धर्म. या दिवशी आपण दरवर्षी बगळ्याचं उदाहरण ऐकतो. पांढराशुभ्र, एका पायावर उभा, ध्यान लागल्यासारखा, आणि लक्ष सगळं माशावर. उदाहरण चांगलंच आहे, पण ते ऐकून आता कुणी मान वर करत नाही. यंदा मी दुसरं उदाहरण घेणार आहे आणि ते एका अमेरिकन कॉमिकमधलं आहे. हसू नका, पुढे वाचा.

मे महिन्याच्या सुट्टीत आमचा नातू पुण्याहून लोट्याला आला होता. बारा वर्षांचा आहे. इथे एमआयडीसीच्या वसाहतीत त्याला दुपारी करायला काही नसतं. बाहेर ऊन, पलीकडे हायवेवरच्या ट्रकांचा आवाज आणि घरात आजोबांच्या बातम्या. त्याने नुकताच ‘थंडरबोल्ट्स’ नावाचा सिनेमा पाहिला होता आणि त्यावरून त्याच नावाच्या जुन्या कॉमिकचं जाड पुस्तक वडिलांकडून मागून घेतलं होतं. “आज्जी, तू वाच. पण शेवटचं पान आधी बघायचं नाही,” अशी अट घालून त्याने पहिला अंक माझ्या हातात दिला.

मला कॉमिक नवीन नाही बरं का. आमच्या लहानपणी टाइम्सवाल्यांची इंद्रजाल कॉमिक्स मराठीतून येत. वेताळ आणि जादूगार मँड्रेक आम्ही भावंडांनी एकमेकांच्या हातातून ओढून वाचलेत. त्यात वाईट माणूस पहिल्याच पानावर ओळखू यायचा. या पुस्तकात मात्र तसं नव्हतं. मारामारीची पानं मी भरभर उलटली, पण गोष्टीने मला धरून ठेवलं.

गोष्ट अशी. मार्व्हल कंपनीच्या कॉमिकमध्ये १९९६ साली एक मोठं संकट दाखवलं होतं आणि त्यात अ‍ॅव्हेंजर्स, फँटास्टिक फोर हे सगळे नावाजलेले वीर मेले असं जग समजतं. न्यूयॉर्क शहर उद्ध्वस्त झालेलं, लोक घाबरलेले, रक्षण करायला कुणी नाही. अशा वेळी सहा नवे वीर पुढे येतात. ते स्वतःला थंडरबोल्ट्स म्हणवतात. पडलेल्या घरांतून माणसं काढतात, लुटारूंना पिटाळतात. लोक त्यांना डोक्यावर घेतात. पुढे तर फँटास्टिक फोरची इमारतच त्यांना राहायला मिळते.

या मालिकेचा पहिला अंक १९९७ साली निघाला. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार मार्क बॅग्ली. आणि त्याच्या शेवटच्या पानावर कळतं की हे सहाही जण जुने गुन्हेगार आहेत! अ‍ॅव्हेंजर्सच्या शत्रूंची जी टोळी होती, तीच नवे कपडे घालून आली आहे. म्होरक्या सिटिझन व्ही म्हणजे खरा बॅरन झेमो. त्याची योजना साधी. लोकांचा आणि सरकारचा विश्वास कमवायचा, गुप्त माहितीपर्यंत पोहोचायचं आणि मग सगळं जग मुठीत घ्यायचं. यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती वाचून माझ्या अंगावर काटा आला. सिटिझन व्ही हे दुसऱ्या महायुद्धातल्या एका वीराचं नाव. त्या वीराला झेमोच्या नाझी बापाने मारलं होतं. म्हणजे बापाने ज्याचा जीव घेतला, त्याचंच नाव मुलगा मिरवतोय. मायाकषाय किती खोल जाऊ शकतो ते बघा.

मला वाटलं, झालं, आता हे पकडले जातील आणि गोष्ट संपेल. पण खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. सोंग घेतलेल्या माणसांना ते सोंग हळूहळू आवडायला लागतं. मेलिसा नावाची एक मुलगी आहे. आधी तिचं नाव स्क्रीमिंग मिमी, म्हणजे किंचाळणारी. आता ती साँगबर्ड, गाणारा पक्षी. जन्मात कुणी तिला चांगलं म्हटलेलं नाही, आणि आता रस्त्यावरची माणसं तिचे आभार मानतात. एबनर नावाचा एक यंत्रतज्ज्ञ आहे, आधीचा बीटल, आताचा मॅक-वन. एरिक नावाचा धिप्पाड माणूस आहे, त्याला आता अ‍ॅटलस म्हणतात. हे तिघं आतून बदलायला लागतात. डॉक्टर कार्ला नावाची मानसोपचारतज्ज्ञ बाई मात्र शेवटपर्यंत दोन्हीकडे पाय ठेवून असते. आणि टेक्नो म्हणून एक आहे, त्याला कशाचंच काही नाही. तो झेमोचाच राहतो.

अशात त्यांच्यात एक नवी मुलगी येते, जोल्ट. शाळकरी वयाची, आईवडील त्या मोठ्या संकटात गेलेले. तिला यांचं खरं रूप माहीतच नाही. ती यांना खरे वीर समजते आणि तसं वागवते. आपल्याकडे सासूबाई म्हणायच्या, लहान मूल घरात असलं की मोठी माणसं आपोआप सुधारतात. तसंच झालं.

मग खरे वीर जिवंत परत येतात आणि झेमो स्वतःच सगळ्यांचं बिंग फोडतो. मी नातवाला विचारलं, “अरे, हा स्वतःचंच बिंग का फोडतोय?” तो म्हणाला, “आज्जी, त्याला कळलं ना, हे लोक चांगले व्हायला लागलेत. मग त्यांना जायला दुसरी जागाच ठेवायची नाही.” मुलं किती नेमकं वाचतात! टाळ्या बंद झाल्या, मान गेला, पोलीस मागे लागले. आता चांगलं वागून मिळणार काहीच नाही. आणि नेमके तेव्हाच, जोल्टच्या आग्रहाने, हे लोक झेमोच्या विरुद्ध उभे राहतात.

पुढे त्यांना हॉकआय नावाचा जुना अ‍ॅव्हेंजर येऊन मिळतो. तो त्यांचा पुढारी होतो, पण एक अट घालतो. एबनरने पूर्वी एक खून केलेला असतो. हॉकआय सांगतो, तू आधी त्याची शिक्षा भोग. आणि एबनर तुरुंगात परत जातो. हॉकआयला हा अधिकार का, तर १९६४ साली कॉमिकमध्ये तो पहिल्यांदा आला तो आयर्न मॅनच्या शत्रूच्या रूपात. पुढच्याच वर्षी त्याला अ‍ॅव्हेंजर्सनी आपल्यात घेतलं. संधी मिळणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे, आणि तरी तो म्हणत नाही की जाऊ दे, झालं गेलं विसरून जा.

याच मार्व्हलने २००९ साली पुन्हा असाच प्रकार केला, ‘डार्क अ‍ॅव्हेंजर्स’ नावाने. स्पायडरमॅनचा जुना वैरी नॉर्मन ऑसबॉर्न सरकारचा लाडका होतो आणि गुन्हेगारांना खऱ्या वीरांचीच नावं आणि कपडे देऊन टोळी उभी करतो. पहिल्या टोळीतली कार्लाबाई इथेही आहे! सोंग तेच, पण इथे त्या सोंगाने ऑसबॉर्न काडीमात्र सुधारत नाही. शेवटी त्याचं शिरस्त्राण उतरतं तेव्हा आतल्या चेहऱ्यावर जुना हिरवा रंग फासलेला निघतो.

मग मैत्रिणींनो, प्रश्न पडतो. चांगुलपणाचं सोंग घेतलेला माणूस ओळखायचा कसा? कुणाचं सोंग अंगात मुरलं आणि कुणाचं नुसतं अंगावर राहिलं? उपासाला आपण कच्च्या केळ्याचा बटाटेवडा करतो तेव्हा खाणाराही जाणतो आणि करणारीही. माणसांचं तसं नसतं.

आपल्या शास्त्रात याची उत्तरं आहेत. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सम्यग्दर्शनाची आठ अंगं सांगितली आणि प्रत्येकासाठी एकेक नाव दिलं. त्यांच्या कथा प्रभाचंद्रांच्या टीकेत आल्या आहेत. त्यातल्या तीन आज मला हव्या आहेत.

पहिली रेवतीराणी. एक क्षुल्लक विद्येच्या बळावर मथुरेत नाना देवांची रूपं घेतो, सगळं गाव दर्शनाला लोटतं. राणी जात नाही. शेवटी तो थेट तीर्थंकरांचं रूप घेतो, समवसरणच उभं करतो. तरी राणी जात नाही. ती म्हणते, तीर्थंकर चोवीसच, आणि ते होऊन गेले, मग हे पंचविसावे कुठून आले? वाणिज्य शाखेची पदवीधर म्हणून मला ही राणी फार आवडते. तिने वाद घातला नाही, भांडली नाही. तिने मोजलं.

दुसरे जिनेंद्रभक्त शेठ. त्यांच्या सात मजली वाड्यात पार्श्वनाथांच्या मूर्तीवर छत्र, आणि छत्राला वैडूर्यमणी. सूर्य नावाचा चोर क्षुल्लकाचं रूप घेऊन येतो, विश्वास कमावतो आणि शेठ प्रवासाला निघाल्यावर रात्री मणी घेऊन पळतो. मण्याच्या तेजामुळे पहारेकरी मागे लागतात आणि हा धावत शेठांच्याच तळावर येतो. शेठ पहारेकऱ्यांना सांगतात, मीच याला मणी आणायला सांगितलं होतं. धर्माची निंदा नको, म्हणून दोष झाकला. हे उपगूहन. पण आपण सांगताना कथा इथेच थांबवतो. पुढचं कुणी सांगत नाही. मणी शेठांकडे परत आला आणि पहारेकरी गेल्यावर शेठांनी त्या चोराला रात्रीच हाकलून दिलं. दोष झाकला याचा अर्थ मणी चोराकडे राहू दिला असा नाही.

तिसरे वारिषेण मुनी. त्यांच्यामुळे त्यांचा मित्र पुष्पडाल दीक्षा घेतो. बाहेरून मुनी, मन मात्र बायकोपाशी. अशी बारा वर्षं जातात. वारिषेण त्याला चारचौघांत उघडं पाडत नाहीत. ते त्याला स्वतःच्या राजवाड्यात नेतात आणि आपण काय सोडून आलो ते दाखवतात. पुष्पडाल शरमतो आणि खऱ्या अर्थाने मुनी होतो. हे स्थितीकरण, म्हणजे डळमळणाऱ्याला पुन्हा उभं करणं. बारा वर्षं जे नुसतं रूप होतं, त्यात शेवटी माणूस उतरला.

आता हे सगळं मी का सांगतेय, तर आमच्या मंडळापुढे खरोखरीचा प्रश्न आहे. त्या मुलाच्या आईला विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ते तुम्हाला आठवत असेल. बाजारपेठ बुडाली, घरांत माणूसभर पाणी आणि मग चिखल. त्या वेळी आमच्या मंडळाने निधी जमवला. शिधा, चादरी, चटया, झाडू, फिनेल असं सगळं घेऊन माणसं जात होती. सगळ्यात पुढे होता एक तरुण मुलगा. पांढरा सदरा, पहाटे अभिषेकाला हजर, मग दिवसभर चिखलात. आम्ही सगळ्या आपल्या मुलांना त्याचं उदाहरण द्यायचो. खरेदी त्याच्याकडे, बिलंही त्याच्याकडे.

दिवाळीनंतर हिशेब माझ्याकडे आला. एका दुकानाची तीन बिलं होती, तारखांमध्ये दोन दोन आठवड्यांचं अंतर, पण बिलांचे नंबर लागोपाठचे. ज्या दिवसांत सगळा बाजार सामान घ्यायला धावत होता, त्या दिवसांत त्या दुकानात दोन आठवडे दुसरं एकही बिल फाटलं नाही? मी पुन्हा पुन्हा ताळमेळ घातला. ३८,४०० रुपयांचा फरक निघाला. त्याला घरी बोलावलं, चहा दिला आणि बिलं त्याच्यापुढे ठेवली. तो बराच वेळ गप्प बसला, मग कबूल झाला. घरचं कर्ज होतं म्हणाला. आम्ही चौघींनी ठरवलं, पोलिसांत जायचं नाही, गावभर करायचं नाही, पण पैसे परत आले पाहिजेत आणि मंडळाच्या बैठकीत हिशेब जसा आहे तसा मांडला जाईल.

त्याने १,६०० रुपयांचे २४ हप्ते भरले. वही माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे. मध्ये दोन महिने त्याला नोकरी नव्हती, तेव्हा पाचशे पाचशे आले आणि उरलेले पुढच्या महिन्यांत विभागून. एकदाही मला आठवण करावी लागली नाही. या दोन वर्षांत त्याला मंडळात कुणी पुढे बसवलं नाही, कुणी कौतुक केलं नाही, काही जणी तर नजर चुकवून जायच्या. त्याची आई माझी मैत्रीण. ती तेव्हापासून पर्वात देवळात आलेली नाही. घरीच पूजा करते.

आता यंदा त्याने निरोप पाठवलाय की पर्वात सेवा करू द्या. आणि आमच्यात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, “त्या वेळीही पांढराच सदरा होता, आताही पांढराच असेल. सोंग आहे.” दुसरा तट म्हणतो, “उपगूहन करा, जुनं उकरू नका, त्याला पूर्वीसारखं सगळं काम द्या.” दोन्हीकडच्या बायका मनाने चांगल्या आहेत. पण मला दोन्ही म्हणणी अर्धी वाटतात.

सोंगच आहे म्हणणाऱ्यांना मी एबनर दाखवेन. टाळ्या मिळत होत्या तोवर तो कसा वागला, यावरून काही ठरत नाही. बिंग फुटल्यावर, फायदा उरला नाही तेव्हा त्याने काय केलं ते बघायचं. हा मुलगा मान गेल्यावर, कुणी बघत नसताना दोन वर्षं पैसे भरत राहिला. ऑसबॉर्नसारखं असतं तर दुसऱ्या गावी जाऊन दुसरा पांढरा सदरा घालणं त्याला सोपं होतं. आणि पहिल्या वेळचं तरी सगळंच सोंग होतं का? चिखलात त्याने उपसलेली घरं खरी होती. पैसे खाणारा आणि चिखल उपसणारा एकाच सदऱ्यात होते. आपण कुणाला बोलावतो यावर पुढे कोण टिकेल ते थोडंफार ठरतं.

आणि सगळं विसरा म्हणणाऱ्यांना मी शेठांची पुढची अर्धी कथा सांगेन. झाकायची ती निंदा, हिशेब झाकायचा नाही. जो पेटीपाशी एकदा घसरला त्याला पुन्हा एकट्याला पेटीपाशी बसवणं ही दया नाही, ती परीक्षा आहे, आणि अशी परीक्षा घ्यायचा आपल्याला अधिकार नाही. घरात मधुमेही माणूस असला की आपण मिठाईचा डबा त्याच्या उशाशी ठेवत नाही. त्यात त्याचा अपमान नसतो.

म्हणून आर्जवाच्या दिवशी मी मंडळापुढे एवढंच मांडणार आहे. त्याला सेवा द्यावी, पुढे द्यावी, सगळ्यांच्या देखत द्यावी. पूजेची तयारी, पाणी गाळणं, वृद्धांना ने-आण करणं. पैशाचं काम त्याला नको, आणि खरं सांगायचं तर एकट्याला ते कुणालाच नको, मलाही नको. यापुढे पेटीला दोन किल्ल्या, प्रत्येक खर्चावर दोन सह्या, बिल त्याच दिवशी वहीत आणि दर महिन्याला वही सगळ्यांसमोर उघडी. एकट्या त्याच्यासाठी नियम केला तर तो शिक्षा होईल. सगळ्यांसाठी केला तर तो रिवाज होईल. आर्जव म्हणजे मन सरळ ठेवणं हे खरंच, पण मन सरळ ठेवायला सोपं जाईल अशी व्यवस्था करणं हेही घरच्या बायकांचंच काम आहे.

मंडळ काय ठरवेल ते ठरवेल. माझ्या बाजूने मी त्याच्या आईला कळवून ठेवलंय की तिसऱ्या दिवशी मी बोलणार आहे आणि माझ्या शेजारची चटई तिच्यासाठी राखून ठेवतेय.

जय जिनेंद्र.